पाऊण बादलीचा बाप्तिस्मा

मोताळा,
९ जानेवारी २०२५

प्रिय सिंधूताईस,
धाकट्या इंद्रभानचा सलाम.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण उत्तमराव भाऊजींना ऐकू यावं म्हणून तुझा फोन सदा स्पीकरवर, आणि तुझ्या ओट्यावर सदा महिला संघाच्या चार बाया. मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र न्हाणीत नेऊन वाच आणि आतून कडी लाव.

ताई, आपली ती बादली आठवते का?

यंदा आमच्या मंडळीत आठ जण बाप्तिस्मा घेणार आहेत. त्यांचा वर्ग नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मीही नेहमीप्रमाणे सांगत होतो, की आपल्यात लेकरांना बाप्तिस्मा देत नाहीत. तो आईबापाकडून वारशात मिळत नाही, मोठं झाल्यावर ज्याचा त्यानं स्वतः ठरवून घ्यायचा असतो. पाण्याखाली जायचं म्हणजे जुना माणूस तिथं सोडायचा आणि नवा होऊन वर यायचं. वीस वर्षं मी हे पाठ म्हणतोय. तेवढ्यात पुष्पांजलीनं हात वर केला. ती नर्स आहे, सुया टोचून टोचून तिला कुणाची भीडभाड राहिलेली नाही. म्हणाली, "काका, तुमी पान्याखाली गेले तवा तुमाले कसं वाटलं होतं?"

मी म्हणालो, "गार वाटलं."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. आठ वह्यांमध्ये माझं खोटं!

चाळीस वर्षं झाली. १९८५ चा जानेवारी. बाप्तिस्म्याला बारा जणांची रांग हौदाजवळ उभी आणि मी चर्चमागच्या गोठ्यात, गव्हाणीच्या आड. लहानपणी नळगंगेच्या डोहात मी बुडालो होतो, तू केसांना धरून ओढलं होतंस. तेव्हापासून मला तांब्यापेक्षा खोल पाणी सोसत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीही तूच शोधून काढलंस. विहिरीवरून बादली आणलीस, माझ्या डोक्यावर ओतलीस आणि म्हणालीस, "चाल, ओला दिसून राह्यला, आता कोन इचारते!"

खरंच कुणी विचारलं नाही. चहा मिळाला, नवा टॉवेल मिळाला. पुढं वंदनाच्या वडिलांची एकच अट होती, जावई बाप्तिस्मा घेतलेला पाहिजे. तीही पार पडली. आता मी मंडळीचा वडील आहे, चर्चचा कारभार बघतो. पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान माझं, म्हणून तीस वर्षं बाप्तिस्म्याचा हौदही मीच भरतो. पाणी किती, त्यात गरम किती, सगळं मी बघतो. काठावरून.

ताई, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. खरा. अठ्ठावन्नाव्या वर्षी. कुणी मागं लागलेलं नाही. एवढी वर्षं मी प्रभूचा माणूस म्हणून जगलो, त्यातलं बाकी काही खोटं नव्हतं, तेवढी बादलीच खोटी. एकदा तरी मला स्वतःच्या पायांनी जाऊन हो म्हणायचं आहे. पण बादली तुझी, म्हणून आधी तुला विचारतो.

आणखी एक. महिला सभेत तू सांगतेस ती तुझ्या बाप्तिस्म्याची साक्ष जानेफळपासून बुलढाण्यापर्यंत गाजलेली आहे. ते ढगांतून पडलेलं ऊन, ते खांद्यावरून गेलेलं कबुतर. मला खरं सांग, पाण्याखाली नेमकं कसं वाटतं? भीती वाटते म्हणून विचारतो.

तुझा,
इंदर


जानेफळ,
१६ जानेवारी

चि. इंदर यास अनेक आशीर्वाद.

पत्र न्हाणीत वाचलं. कडी लावली होती. तरी तुझे भाऊजी बाहेरून ओरडत होते, "काऊन वं, पोट बिघडलं का?"

तुला वेड लागलं आहे. अरे, ती बादली काठोकाठ होती, मी दोन्ही हातांनी उचलली होती, तेव्हापासून माझी कंबर धरते ती आजपर्यंत. एवढ्या पाण्यात देवाचं काय अडलं? देव मन बघतो, बादलीचं माप नाही बघत. शिवाय तुझं वय, तुझा बीपी, तुझं ते कफाचं छातीत घुरघुरणं. गार पाण्यात गेलास आणि निमोनिया झाला तर मंडळीला दोन विधी एकदम करावे लागतील.

आणि लोक काय म्हणतील याचा विचार केलास का? तीस वर्षं ज्यानं हौद भरला तोच कोरडा! वंदनाला कळलं तर ती आधी तुला सोडणार नाही आणि मग मला. मुकाट्यानं बस. ऐकलं नाहीस तर यंदा शेवया नाहीत, कुरड्या नाहीत, काही पाठवणार नाही.

पाण्याखाली कसं वाटतं ते पत्रात लिहिण्यासारखं नसतं. भाजी टाकायची आहे, थांबते.

तुझी,
ताई

ता. क. आपल्या मंडळीचं १९८५ चं ते जुनं रजिस्टर अजून आहे का रे? सहज विचारते.


मोताळा,
२७ जानेवारी

प्रिय ताई,

रजिस्टरची तुझी काळजी लगेच कळली. माझं नाव त्यात नाही हे कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तू विचारलंस. बहीण असावी तर अशी!

पण मी रवी पाळकांना सांगून बसलो. एकोणतीस वर्षांचा माणूस, वाटलं दचकेल. त्यांनी शांतपणे कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, तर १९७९ ते १९९१ सगळं वाळवीनं खाल्लेलं. वर पुठ्ठा, आत माती. पाळक म्हणाले, "काका, आता तुमच्या विरोधात कागदच नाही. तुम्ही गप्प बसले तर कोनालेच कळनार नाही. मंग काऊन करून राह्यले?"

मी म्हणालो, "मले कळते ना."

मग त्यांनी डायरीत माझं नाव नवव्या नंबरवर लिहिलं. तारीख रविवार, १६ फेब्रुवारी.

मग वंदनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, उतरवली आणि मग म्हणाली, "म्हंजे माह्या बापाले तुमी बादली दाखवून फसवलं म्हना." मी हो म्हणालो. तिनं मांडणीवरून सोनेरी काठाचा पाहुण्यांचा कप काढला आणि त्यात मला चहा दिला. "पान्यात जात नाही तोवर तुमी या घरात पाव्हने." आठ दिवस झाले, त्याच कपात चहा, बशीत दोन बिस्किटं, आणि वर 'घ्या ना, लाजू नका' असा आग्रह. ताई, भांडली असती तर परवडलं असतं.

इकडं हौदाचा तळ उभा चिरला आहे, दोन वर्षं कोरडा होता त्यामुळं. म्हणून यंदाचा बाप्तिस्मा कडूबाच्या शेततळ्यात. त्याची मोटार मीच बसवलेली आहे. हरभऱ्याला पाणी देऊन देऊन आता तळाशी चार फूट उरलंय, कामापुरतं. कडूबा आपल्यातला नाही, शेगावच्या गजानन महाराजांचा पक्का भक्त, पण पाण्याला नाही म्हणाला नाही. फक्त एक शंका काढली. "तुमचे लोकं पापं धुतेत म्हनता. मंग ते पापं पान्यातच राह्यतेत का? कारन तेच पानी मले हरभऱ्याले द्याचं हाये." पाळकांनी अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "बरं, पापाचं राहू द्या. पन साबन लावून कोनी उतरू नका, आत मासोळ्या सोडेल हायेत."

मी न्हाणीत बादलीत तोंड बुडवून सराव करतोय. मोबाइलचं घड्याळ लावतो. पहिल्या दिवशी एक सेकंद, आता चारवर आलो आहे. पाळक म्हणतात दोनच लागतात, म्हणजे दोन शिल्लक. वंदना दार वाजवून विचारते, "पाव्हने, जित्ते हाय ना?"

तू अजून सांगितलं नाहीस, पाण्याखाली कसं वाटतं.

तुझा,
इंदर


जानेफळ,
३ फेब्रुवारी

चि. इंदर,

रजिस्टर गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. पण वाळवीही देवानंच निर्माण केली आहे, तिलाही पोट आहे. पूर्ण गेलं ना? मधलं एखादं पान वगैरे उरलं नाही ना? नीट झटकून बघितलंस का?

तू ऐकणारच नसशील तर घे बाप्तिस्मा. मी अडवत नाही. मात्र सगळ्यांसमोर बोलताना माझं नाव घ्यायचं नाही. 'कुणीतरी बादली ओतली' म्हण. नाहीतर 'वरून पडली' म्हण.

पाण्याखालचं विचारतोस तर सांगते. खाली गेलं की वीणेसारखा आवाज येतो. डोळे उघडे ठेवायचे, वर सोनेरी प्रकाश दिसतो. नाकातोंडात पाणी जात नाही, श्वास घेतला तरी चालतो, देव सांभाळतो.

सोळा तारखेला मी आणि भाऊजी येतो. तुझे केस धरायला कुणीतरी पाहिजे. केस उरलेत ना?

तुझी,
ताई


मोताळा,
१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सोबत तुझा चष्मा पाठवतोय. कडूबाला मोटारीच्या जाळीत अडकलेला सापडला. एक काडी वाकली होती, ती मी पकडीनं सरळ केली. चष्मा गेल्यावर तुला काही दिसलं नसेल, आणि नंतर तू जी रागानं निघालीस ती कुणाचं ऐकेचनास, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

चूक माझीच. शेततळ्याच्या चारी बाजूंना उतार आणि त्यावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. मी मोटारवाला, नेहमी काठावर उभा राहून दोरानं मोटार सोडतो. त्या कागदावरून माणूस कसा उतरेल हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. वर शेवाळ. रवी पाळकांनी "चला, प्रभूच्या नावानं" म्हणत पहिलं पाऊल टाकलं आणि उरलेलं वाक्य पाण्यात पूर्ण केलं. पुष्पांजलीनं ते पाहिलं, ओढणी खोचली आणि सरळ बसूनच घसरत गेली. मग सगळेच बसून. गायनवाले दर कडव्याला थांबायचे, धप्प आवाज झाला की पुढचं कडवं घ्यायचे.

माझी पाळी आली. काठावर उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं. गोठा सांगितला, बादली सांगितली. वरून पडली असं काही माझ्यानं म्हणवलं नाही. 'एका माणसानं मायेनं ओतली' असं म्हणालो. म्हणालो, तीस वर्षं मी तुमच्यासाठी पाणी भरलं, आज मला त्यात उतरायचं आहे. कुणी हसलं नाही. तेवढ्यात भाऊजींनी मोठ्यांदा विचारलं, "काय म्हनून राह्यला तो?" मग मात्र सगळे हसले.

मी दोर धरून उतरलो. पाणी गुडघ्याला लागलं आणि पाय थांबले. पाळकांनी विचारलं, "काका, हे तुम्ही सोताच्या मर्जीनं करून राह्यले ना?" हा प्रश्न मी दरवर्षी काठावरून ऐकतो. मला वाटायचं, एवढ्या गार पाण्यात कुणी दुसऱ्याच्या मर्जीनं कशाला येईल? त्या दिवशी कळलं तो का विचारतात. मला 'नाही' म्हणता येत होतं. चहा तर तसाही मिळणारच होता. मी म्हणालो, "हो, माह्या मर्जीनं."

ताई, वीणा नव्हती. सोनेरीही काही नाही, सगळं हिरवट. तू सांगितलंस म्हणून श्वास घेऊन पाहिला तर अर्धं तळं नाकात गेलं. अंगठ्याला मासोळी चावली. पण पाठीखाली पाळकांचा हात होता, आणि मी सेकंद मोजायला विसरलो. महिनाभर मोजत होतो आणि नेमका तिथं विसरलो. वर आलो आणि सगळ्यांदेखत रडलो. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग चढायचं आलं. चार पावलं चढलो की पाच घसरायचो. तू काठावरून ओरडत होतीस, "माहा हात धर बे!" आणि माझे केस धरायला वाकलीस. आधी चष्मा आला, मागून तू. डोक्यासकट आत. तुझी एक चप्पल तेवढी तरंगत होती. भाऊजी काठावरून विचारत होते, "सिंधू कुठी गेली?" शेवटी कडूबानं ट्रॅक्टर आणला आणि दोर बांधून आम्हाला एकेक करून वर ओढलं, मोटार काढतात तसं.

बाया टाळ्या वाजवून म्हणाल्या, "सिंधूताईचा दुसऱ्यांदा झाला!" तू कुडकुडत पाळकांना विचारलंस, "हा धरता येईन का?" ते हसून म्हणाले, "ताई, घसरलेला धरत नसतेत. उतरलेला धरतेत." त्यावर तू जी फिरलीस ती थेट बस स्टँडवर. एवढ्याशा थट्टेवर कुणी रागावतं का? पाळक बिचारे दोनदा येऊन गेले, "काका, माहं काय चुकलं?" मी काय सांगू त्यांना?

भाऊजींना तू काठावरच विसरलीस. त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बसनं पाठवलं, पोचले असतील.

वंदनानं माझा कान तुटलेला जुना कप परत दिला आहे. बिस्किटं बंद.

तुझा,
इंदर


जानेफळ,
२७ फेब्रुवारी

चि. इंदर,

चष्मा मिळाला. नवराही मिळाला.

त्या दिवशी ओल्या पातळानं बसमध्ये चढले तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, पाऊस कुठी झाला?" राजूरचा घाट संपेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. घाट संपला आणि मला रडू आलं. बुलढाण्याला उतरताना ठरवलं, इंदरला सांगायचं. मग दहा दिवस सांगितलं नाही. आता सांगते. न्हाणीत जा आणि कडी लाव.

त्या दिवशी रांगेत तुझा नंबर अकरावा होता आणि माझा बारावा. तू पळालास, तशी मी रांग सोडून तुला शोधायला निघाले. तू गोठ्यात सापडलास, मी बादली आणली, ओतली. आणि ऐकते तर हौदाजवळ शेवटची प्रार्थना चालू. सगळं संपलं होतं. आता तू ओला आणि मी कोरडी. इंदर, बादलीत थोडं पाणी उरलं होतं. ते मी माझ्यावर ओतलं.

तुझ्या वाट्याला पाऊण बादली आली, माझ्या वाट्याला पाव. तू खांद्यापर्यंत तरी भिजलास, माझी नुसती वेणी भिजली.

वाटलं होतं पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी लग्न होऊन जानेफळला आले, आणि पहिल्याच महिला सभेत मला बाप्तिस्म्याची साक्ष द्यायला उभं केलं. मी म्हटलं, "पाण्यातून वर आले आणि फार बरं वाटलं." एवढंच. सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या वर्षी तेवढंच कसं सांगायचं, म्हणून ऊन घातलं. ढग त्यानंतर घातले, कारण ढगांशिवाय उन्हाचं काय कौतुक? कबुतर २०१२ मध्ये आलं. वीणा यंदा घालणार होते, तुझ्या पत्रात लिहून पाहिली.

मी तुला अडवत होते ते तुझ्या काळजीनं नाही. तू खरं बोललास की माझंही उघडं पडेल, ही भीती. रजिस्टरही त्यासाठीच विचारलं. आणि तू काठावरून 'मायेनं ओतली' म्हणालास तेव्हा लाज वाटून मला तळ्यात जावंसं वाटलं. गेलेच. ते मात्र मुद्दाम नव्हतं.

पाण्यात गेल्यावर मनात आलं, बरं झालं बाई, कुणाला काही न सांगता काम उरकलं. म्हणून पाळकाला विचारलं. तो थट्टेत बोलला, पण बोलला ते खरं होतं, म्हणून राग आला. मला पुन्हा एकदा न ठरवताच ते पार पाडायचं होतं.

इंदर, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. एकसष्टाव्या वर्षी. पण मी घसरणार नाही. मला पायऱ्या पाहिजेत. तू मोटारवाला आहेस, काहीतरी कर.

भाऊजींना काल सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनाही कळलं.

तुझी,
ताई


मोताळा,
६ मार्च

प्रिय ताई,

पत्र न्हाणीत वाचलं. आधी तुझा भयंकर राग आला. तुझ्या सांगण्यावरून मी पाण्याखाली श्वास घेतला! जीव गेला असता माझा. मग कबुतरापाशी आलो आणि इतका हसलो की वंदनानं दार वाजवलं. मग कितीतरी वेळ तिथंच पाटावर बसून राहिलो. चाळीस वर्षं मला वाटत होतं, तू मला बादलीभर पाणी दिलंस. मला शोधायला आली नसतीस तर त्या दिवशी तुझा नंबर लागला असता. तो मी खाल्ला, आणि मला पत्ताच नाही.

शिडी तयार आहे. विहिरींतून काढलेले जुने लोखंडी पाइप दुकानात पडले होते, ते जोडून केली. अकरा पायऱ्या, तुझ्या गुडघ्यांसाठी अंतर कमी ठेवलंय, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. कडूबानं विचारलं, "हे कोनासाठी?" मी म्हणालो, "माह्या बहिनीसाठी." तो म्हणाला, "त्या तं मागच्या वक्ताले बिनाशिडीच्याच गेल्या होत्या." त्याचा हरभरा काढून झाला. शेवटचं पाणी आपल्याच तळ्याचं दिलं होतं, दाणा टपोरा आला म्हणतो. "तुमचे पापं चांगले निघाले. आनखी कोनी असन तं पाठवा."

तारीख रविवार, २३ मार्च. तळ्यातलं पाणी आता उतरलंय, पण त्याची काळजी तू करू नकोस. पाणी मी भरतो.

वंदनानं सोनेरी काठाचा कप घासून ठेवला आहे. भाऊजींना घेऊन ये. परत नेण्याचंही लक्षात ठेव.

तुझा,
इंदर


जानेफळ,
३१ मार्च

चि. इंदर,

त्या दिवशी निघताना तुझ्याशी नीट बोलले नाही. तू कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी शिडी धरली होतीस, तांब्यापेक्षा खोल पाणी न सोसणारा तू. अगदी जवळ आल्यावर दिसलं, तुझे ओठ निळे पडले होते. ते पाहून मला बोलवेना.

पाचव्या पायरीवर मी थांबले, तेव्हा तुला वाटलं गुडघा दुखतोय. गुडघा नव्हता रे. इथून परत जाता येईल का, ते मी बघत होते. येत होतं. दोन्ही बाजूंना कठडा होता, मागं कुणी ढकलत नव्हतं, चष्माही घरी ठेवून आले होते. मग मी सहावीवर पाय टाकला.

परवा शनिवारी महिला सभा झाली. साठ बाया आल्या होत्या. साक्षीला माझं नाव पुकारलं तशा सगळ्या सरसावून बसल्या; माझी साक्ष बऱ्याच जणींना पाठ आहे, त्या माझ्यासोबत ओठ हलवतात. मी बादलीपासून सुरुवात केली. पाव बादली, भिजलेली वेणी, ऊन कधी घातलं, ढग कधी घातले, सगळं सांगितलं. हलणारे ओठ एकेक करून थांबले. मग सांगितलं, की माझा बाप्तिस्मा मागच्या रविवारी मोताळ्याला झाला. माझ्या मर्जीनं.

पहिल्या बाकावरून आमच्या संघाची अन्नपूर्णा म्हणाली, "मंग ताई, कसं वाटलं वं?"

बाया कबुतराची वाट पाहत होत्या. मला दिसत होतं ते. आणि खरं सांगते, माझ्या जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, "गार वाटलं."

आणि तिथंच उभी राहून रडले. त्याच्यापुढं एक शब्दही घालावासा वाटला नाही.

मला वाटलं आता महिला संघाचं अध्यक्षपद गेलं. तर चहाच्या वेळी अन्नपूर्णानं मला हात धरून बाजूला नेलं, मागं कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच विचारलं, "तुमच्या भावाची ते शिडी किती वजन झेलते वं?" तिच्या मागं आणखी दोघी कप घेऊन उभ्या होत्या.

शिडी भंगारात देऊ नकोस.

तुझी,
ताई